पाव न घातलेला मीटबॉल

अर्धा किलो बीफचा खिमा, शिळ्या पावाचे दोन स्लाइस, अर्धी वाटी दूध, एक अंडं, कांदा, लसूण, मीठ, मिरी. अमेरिकेतल्या अनेक घरांत मीटबॉल असा होतो. पाव दुधात भिजवून कुस्करायचा, खिम्यात मिसळायचा, लिंबाएवढे गोळे वळायचे आणि टोमॅटोच्या रश्श्यात सोडायचे. आपल्याकडचे खिम्याचे कोफ्ते याच कुळातले. फरक इतकाच, की आपण डाळ्याचं पीठ घालतो, किंवा भिजवून पिळलेला पाव, शामी कबाबात तर शिजवलेली चणाडाळ.

‘होल थर्टी’ नावाच्या आहारात यातला पाव बाद, दूध बाद आणि डाळंही बाद. बाटलीतला टोमॅटो सॉस साखर घातलेला असेल तर तोही चालत नाही. उरतो खिमा आणि एक प्रश्न: गोळा धरणार कसा?

हा आहार २००९ मध्ये अमेरिकेत मेलिसा आणि डॅलस हार्टविग या दोघांनी सुरू केला. तीस दिवस धान्यं, डाळी, दूध व दुधाचे पदार्थ, दारू आणि वरून घातलेली कुठलीही साखर पूर्ण बंद. साखरेत गूळ, मध आणि कृत्रिम गोडीही आली. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुका मेवा चालतो. तीस दिवसांत वजनकाट्यावर उभं राहायचं नाही, आणि मध्येच नियम मोडला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. नियमांच्या काही गमती आहेत. तूप चालतं पण दही नाही, बटाटा चालतो पण भात नाही, फरसबी चालते पण मूग नाही. न्यू जर्सीत मुलाकडे गेलेल्या आईला सुनेच्या स्वयंपाकघरात हे ऐकून चक्रावल्यासारखं झालं, तर दोष आईचा नाही. याच मंडळींनी २०२२ मध्ये शाकाहारी आवृत्ती काढली आणि तिच्यात डाळींना सन्मानाने परत बोलावलं. डाळ मुळात घातक असती तर असं करता आलं नसतं, एवढी नोंद इथे करून ठेवायला हरकत नाही.

आता गोळ्याकडे. खिम्यात मीठ घालून मळलं की स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन मिठाच्या पाण्यात विरघळतं आणि चिकट होतं. हाच खरा गोंद. तापवल्यावर या प्रथिनाची जाळी घट्ट होते, आकसते आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढते. दुधात भिजलेला पाव दोन कामं करतो. त्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांच्या जाळीत मध्ये मध्ये बसून तिला फार घट्ट होऊ देत नाही. म्हणजे पाव गोळा चिकटवण्यासाठी असतो हा समज अर्धवट आहे. तो गोळा मऊ राहावा म्हणून असतो. पाव काढल्यावर मीटबॉल सुटत नाही तितका वातड होतो, आणि घरोघरची तक्रारही बहुधा तीच असते: रबराच्या चेंडूसारखा झाला.

यावर उपाय पथ्यातच आहेत. पहिला म्हणजे चरबी. पंधरा ते वीस टक्के चरबी असलेला खिमा घ्यावा. अगदी ‘लीन’ खिमा घेतला तर पुढे काहीही करून उपयोग नाही. दुसरा, पाणी धरणारी भाजी. शंभर ग्रॅम मशरूम अगदी बारीक चिरून थोड्या तुपावर पाणी आटेपर्यंत परतावेत आणि गार करून घालावेत. तिसरा, पावातल्या स्टार्चची जागा घेणारा उकडलेला बटाटा. तो गार करून, किसून अर्धी वाटी घ्यावा. बदामाचं पीठ सगळीकडे सुचवलं जातं, पण त्यात स्टार्च जवळजवळ नसतो. ते जाळीत अडथळा करतं, पाणी मात्र पावाइतकं धरत नाही. बटाटा स्वस्त आहे आणि काम अधिक चांगलं करतो. अर्ध्या किलोला एक अंडं पुरतं.

क्रमही महत्त्वाचा. आधी अंडं, बटाटा, मशरूम, मिरी, कोथिंबीर एकत्र करावी. मग फ्रीजमधून काढलेला थंड खिमा घालावा आणि मीठ, सपाट चमचाभर, सगळ्यात शेवटी. बोटांनी जेमतेम मिनिटभर मिसळायचं, कणकेसारखं मळायचं नाही. मीठ घालून जितकं मळाल तितका गोळा सॉसेजसारखा घट्ट होतो. वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत, म्हणजे चरबी घट्ट होते आणि आकार टिकतो. ओव्हन दोनशे अंश सेल्सिअसला तापवून लिंबाएवढे गोळे अठरा ते वीस मिनिटं भाजले की पुरे. त्यानंतर ते बिनसाखरेच्या टोमॅटोच्या रश्श्यात सोडता येतात.

यात एक गोष्ट चवीची नाही, जिवाची आहे. सबंध मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग कापून आत मिसळला जातो. गुरांच्या आतड्यात राहणारा ‘ई. कोलाय ओ१५७:एच७’ हा जंतू १९८२ मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गर खाल्लेल्यांच्या आजारातून पहिल्यांदा ओळखला गेला. १९९३ मध्ये तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. रक्ताची हगवण, मग लाल पेशी फुटणं आणि मूत्रपिंडं बंद पडणं, हा क्रम लहान मुलांत फार झपाट्याने होतो. पुढच्याच वर्षी अमेरिकी सरकारने खिम्यात हा जंतू सापडणं म्हणजे भेसळ, असं ठरवलं.

म्हणून बीफ, मटण यांच्या खिम्याचा गोळा मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कोंबडी किंवा टर्कीचा ७४ अंशांपर्यंत तापायला हवा. रंगावर विश्वास ठेवू नये. काही खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी दिसतो, तर काही पूर्ण शिजूनही गुलाबी राहतो. टोचून बघायचा थर्मामीटर हाच पुरावा. कच्च्या खिम्याचं भांडं, पाट आणि हात सॅलडच्या भाज्यांना लागू देऊ नयेत. या आहारात सॅलड भरपूर असतं, त्यामुळे हा धोका नेहमीपेक्षा थोडा जास्तच.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गोवंशाचं मांस विकता येत नाही. इथे हा प्रयोग करणारे मटणाचा किंवा कोंबडीचा खिमा घेतात, कुणी म्हशीचं मांस घेतं. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते, तेव्हा तुपात परतलेले मशरूम आणि बटाटा दोन्ही लागतात. तापमानाचा नियम तिथेही तोच.

या गोळ्यातून मिळतं काय? वीस टक्के चरबीच्या शंभर ग्रॅम कच्च्या बीफ खिम्यात साधारण १७ ग्रॅम प्रथिनं, सहज शोषलं जाणारं लोह, जस्त आणि दिवसभराची गरज जवळजवळ भागेल इतकं बी-१२. त्याचबरोबर २० ग्रॅम चरबी, तीत सात-आठ ग्रॅम संपृक्त. अमेरिकन हार्ट असोसिएशन दिवसाला दोन हजार कॅलरी घेणाऱ्या माणसाला संपृक्त चरबीची सुमारे १३ ग्रॅमची मर्यादा सांगते. दोनशे ग्रॅम खिम्याचं एक जेवण ती ओलांडू शकतं, भाजताना थोडी चरबी गळून गेली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाला ‘कर्करोगाचं संभाव्य कारण’ या गटात ठेवलं आहे. आठवड्याला शिजवलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे तीनेक जेवणं, यापुढे जाऊ नये असा सल्ला दिला जातो. होल थर्टीच्या नियमांत अशी मर्यादा नाही. धान्य आणि डाळ काढल्यावर ताटात जी जागा होते ती मांसानेच भरायची की भाजीने, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. बहुतेक जण काय करतात याचा अंदाज सहज बांधता येतो.

पण या आहाराचा मुळातला दावा पोषणाचा नाहीच. तो शोधाचा आहे: तीस दिवस काही पदार्थ वगळा, मग दहा दिवसांत एकेक परत आणा आणि कशाने पोट बिघडतं, अंगावर उठतं, डोकं दुखतं ते पाहा. ही पद्धत नवी नाही. कॅलिफोर्नियातले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ अल्बर्ट रो यांनी १९२० च्या दशकात असे वर्ज्य-आहार रुग्णांना द्यायला सुरुवात केली. गंमत अशी, की अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अशा आहारात सहसा कुणाला न बाधणारा पदार्थ म्हणून जो आवर्जून ठेवला जात आला, तो भात. होल थर्टीने नेमका तोच काढला.

दुसरी गंमत मीटबॉलमध्येच लपलेली आहे. पोट फुगणं, गॅस, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ अशा तक्रारी असणारे, म्हणजे ‘इरिटेबल बॉवेल’चे रुग्ण या आहाराकडे फार ओढले जातात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या ‘लो फोडमॅप’ आहाराचा अशा रुग्णांवर चांगला अभ्यास झाला आहे. त्यात पहिल्यांदा बंद होतात कांदा आणि लसूण, कारण त्यांतलं फ्रुक्टान लहान आतड्यात शोषलं जात नाही आणि मोठ्या आतड्यात त्याचा गॅस होतो. बरेचसे मशरूमही त्या यादीत येतात, आणि मुठीने खाल्ले तर बदामही. होल थर्टीच्या नियमात चपखल बसणारा, कांदा-लसूण ठासून भरलेला, बदामाच्या पिठाचा मीटबॉल अशा रुग्णाचं पोट तिसाव्या दिवशीही फुगवू शकतो. त्याला तो कांद्याऐवजी कांद्याच्या हिरव्या पातीने, मशरूमऐवजी किसून पिळलेल्या गाजराने करता येतो. पातीचा पांढरा भाग मात्र घ्यायचा नाही. बटाटा त्यालाही चालतो.

गव्हाचंही तसंच. गहू बंद करून बरं वाटलं म्हणजे ग्लुटेन बाधतं, असं लगेच ठरवून टाकलं जातं. नॉर्वेतल्या एका अभ्यासात (प्रसिद्धी २०१८) सीलिअॅक आजार नसलेल्या पण स्वतःला ग्लुटेन बाधतं असं मानणाऱ्या ५९ जणांना कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टान आणि कधी दोन्ही नसलेले बार खायला दिले. कुठल्या आठवड्यात काय, हे त्यांना माहीत नव्हतं. त्रास जास्त झाला तो फ्रुक्टानच्या आठवड्यात. ग्लुटेन आणि काहीच नसलेला बार यांत फरक दिसला नाही.

सीलिअॅक आजाराची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे तीस दिवसांची हौस महागात पडू शकते. या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. लोह घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, मुलांची खुंटलेली उंची, जुने जुलाब ही त्याची चिन्हं. निदान होतं ते रक्तातल्या टीटीजी प्रतिद्रव्यांवरून आणि आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीवरून, आणि दोन्हीसाठी माणूस गहू खात असावा लागतो. गहू सोडून काही आठवडे झाले की प्रतिद्रव्यं उतरू लागतात आणि अहवाल खोटाच ‘नॉर्मल’ येऊ शकतो. मग बरं वाटत असलेल्या माणसाला ‘निदान सहा आठवडे रोज पुन्हा पोळी खा, मग तपासू’ असं सांगावं लागतं. ते कुणालाच नको असतं, आणि आयुष्यभराचं निदान राहून जातं. तक्रारी जुन्या असतील तर रक्त आधी द्यायचं, पाव नंतर बंद करायचा.

औषधं चालू असणाऱ्यांचंही तेच. भात, पोळी, डाळ एकाच दिवशी थांबली आणि ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिनचा डोस तोच राहिला, तर साखर अचानक खाली येते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना पिष्टमय पदार्थ फार कमी झाले, तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, धाप, पोटदुखी असते, पण ग्लुकोमीटर बरा आकडा दाखवतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात. वॉरफेरीन घेणाऱ्याने पालेभाजी एकदम दुप्पट केली तर रक्ताची आयएनआर चाचणी पुन्हा करावी लागते. मूत्रपिंडाचा आजार आणि गाऊट असणाऱ्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी, या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

राहिले ते शेवटचे दहा दिवस. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. तीस दिवस संपल्याच्या रात्री पिझ्झा, बिअर आणि आइस्क्रीम एकदम येतं, दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं आणि आळ गव्हावर जातो. नियमाप्रमाणे एका दिवशी फक्त डाळी, मग दोन दिवस पुन्हा पथ्य, मग ग्लुटेन नसलेली धान्यं, पुन्हा दोन दिवस थांबून दूध, आणि दहाव्या दिवशी गहू. मीटबॉलमध्ये हे एकेक परत घालायचा मोह होतो: आज डाळं, तीन दिवसांनी भात, मग दूध, शेवटी पाव. चवीला ते छानच लागतं, पण चाचणी म्हणून अपुरं आहे. अर्ध्या किलोत दोन स्लाइस म्हणजे एका माणसाच्या वाट्याला जेमतेम अर्धा स्लाइस येतो. एवढ्याने काही झालं नाही तर गहू पचतो असं म्हणता येत नाही. डाळीच्या दिवशी दोन्ही वेळा वाटीभर वरण घ्यावं, दुधाच्या दिवशी कपभर दूध प्यावं आणि गव्हाच्या दिवशी दोन्ही जेवणांत दोन-दोन पोळ्या खाव्यात. मीटबॉल त्या दिवशीही बटाट्याचाच ठेवावा, म्हणजे बदललं काय ते कळतं.