कामगार नुकसानभरपाईच्या दाव्यांत विमा अन्वेषकाच्या अधिकारांच्या मर्यादा

प्रस्तावना

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराच्या परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. बळींमध्ये कंत्राटी मजूरही होते. अशा कोणत्याही अपघातानंतर मालकाने विमा उतरविलेला असल्यास कंपनीचा अन्वेषक कामगाराच्या घरी येतो, प्रश्न विचारतो आणि कागदावर सही वा अंगठा मागतो. त्याचा अधिकार कोठवर पोहोचतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अन्वेषकाचे स्थान

विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४-यूएम नुसार सर्वेक्षकास परवाना आवश्यक असतो. अन्वेषक हा त्याहून वेगळा. तो कंपनीने नेमलेला खाजगी माणूस असतो. खाजगी गुप्तहेर संस्थांचे नियमन करणारे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवालही अंतिम व बंधनकारक नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीपकुमार प्रकरणात (२००९) म्हटले आहे. मग अन्वेषकाच्या अहवालाचे मोल त्याहून अधिक कसे असेल?

जबाब व तडजोड

साक्षीदारास बोलावण्याचा आणि शपथेवर जबाब घेण्याचा अधिकार १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाने आयुक्तास दिला, अन्वेषकास नव्हे. त्याला जबाब देण्याचे कोणतेही वैधानिक बंधन कामगारावर नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्या अधिनियमाच्या कलम १७ नुसार शून्य ठरत असे. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम आयुक्ताकडेच जमा करावी लागत असे. विधवेच्या हाती परस्पर ठेवलेल्या रकमेने दायित्व फिटत नाही.

वैद्यकीय तपासणी व पाळत

अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने विनाशुल्क तपासणी देऊ केल्यास कामगाराने ती करून घ्यावी लागते. सबळ कारणाविना नकार दिल्यास हक्क स्थगित होतो. तथापि ही तपासणी नियमांच्या चौकटीतच व्हावी लागते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार गोपनीयतेचे बंधन आहे. रुग्णाच्या संमतीविना किंवा विधिवत आदेशाविना कागदपत्रे अन्वेषकास देता येत नाहीत.

सार्वजनिक रस्त्यावरील निरीक्षणास सर्वसाधारण मनाई नाही. परंतु परवानगीशिवाय घरात शिरणे हा अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो. २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. येथे एक अडचण नोंदविली पाहिजे. गैरमार्गाने मिळविलेला पुरावा केवळ त्या कारणाने अग्राह्य ठरत नाही, असे मलकानी प्रकरणात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. म्हणून चित्रफितीचा खरा कस उलटतपासणीतच लागतो. कामगार एक दिवस पाण्याची घागर उचलताना दिसला, एवढ्यावरून त्याची कमावण्याची क्षमता शाबूत असल्याचे सिद्ध होत नाही.

विलंबाची किंमत

भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हे श्रीनिवास सबाता प्रकरणात (१९७६) स्पष्ट झाले. महिन्याच्या आत ती न दिल्यास १२ टक्के व्याज व, समर्थनीय कारण नसल्यास, ५० टक्क्यांपर्यंत दंड अशी तरतूद १९२३ च्या अधिनियमात होती. वेदप्रकाश गर्ग प्रकरणानुसार (१९९७) व्याजाचा भार विमा कंपनीवर, तर दंडाचा मालकावर पडतो. चौकशी सुरू आहे, या सबबीने व्याज थांबत नाही.

समारोप

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू होऊन १९२३ चा अधिनियम निरसित झाला. आयुक्ताच्या जागी सक्षम प्राधिकारी आला, तरी मूळ रचना बव्हंशी कायम आहे. अन्वेषकास पाहण्याची व विचारण्याची मुभा आहे, सक्ती करण्याची नाही. महाविद्यालयांच्या विधी साहाय्य केंद्रांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी एवढी एक गोष्ट जरी कंत्राटी मजुरांच्या वस्त्यांपर्यंत पोहोचविली, तरी कोऱ्या कागदावर उठणारे अनेक अंगठे थांबतील.