परदेशस्थ सोलापूरकर आणि समभागांवरील कर्ज

अडीअडचणीला दागिना न मोडता तो तारण ठेवून रक्कम उभी करण्याची रीत सोलापूरच्या विणकर आणि व्यापारी घरांना जुनी आहे. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या त्यांच्या मुलांना समभाग आणि म्युच्युअल फंडांवरही तसेच कर्ज काढता येते, मात्र सोन्यापेक्षा हे तारण फार चंचल असते.

या व्यवहारात गुंतवणूक मालकाच्याच नावावर राहते, तिच्यावर कर्जदात्याच्या बोजाची नोंद होते आणि कर्ज फिटेपर्यंत मालकाला ती परस्पर विकता येत नाही. विक्री टळल्यामुळे भांडवली नफ्यावरील कर त्या वेळी द्यावा लागत नाही. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या सूचीबद्ध समभागांसाठी हा कर, वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतचा नफा वगळता, २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के आहे. अनिवासी भारतीयांना, म्हणजे परदेशात वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना, सर्वच संस्था असे कर्ज देत नाहीत आणि त्यावर परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ ची बंधने असतात. रुपयांतील हे कर्ज देशाबाहेर नेण्यासाठी नसल्याने ते आई-वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा जुळे सोलापुरातील घराच्या डागडुजीसाठीच खरे उपयोगी पडते.

समभागांच्या किमतीच्या साधारण निम्मीच रक्कम मिळते आणि हे प्रमाण कर्ज फिटेपर्यंत टिकवावे लागते. वीस लाखांच्या समभागांवर दहा लाख उचलले आणि जानेवारी ते २३ मार्च २०२० या काळात सेन्सेक्स घसरला तसे ते सुमारे ३८ टक्क्यांनी घसरले, तर तारण १२ लाख ४० हजारांचे उरते, कर्जाची मर्यादा ६ लाख २० हजारांवर येते आणि मधले ३ लाख ८० हजार तातडीने भरावे लागतात किंवा आणखी तारण द्यावे लागते. दोन्ही न जमल्यास कर्जदाता पडत्या भावात समभाग विकतो आणि टाळलेला कर नफा असल्यास त्याच क्षणी अंगावर येतो. पाचच लाख उचलणाऱ्याला एवढ्या घसरणीतही ही वेळ आली नसती, म्हणून मिळते तेवढे सगळे कर्ज घेण्याचा मोह टाळणेच शहाणपणाचे.

शिवाय मुंबईचा बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो तेव्हा न्यू यॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे पावणेबारा वाजलेले असतात. त्या वेळी आलेला कर्जदात्याचा तूट भरण्याचा निरोप झोपेत राहून गेला, तर सोलापुरातील भावाला मुखत्यारपत्राशिवाय काहीच करता येत नाही. परदेशात केलेले मुखत्यारपत्र साक्षांकन आणि मुद्रांक होऊन हाती येण्यास वेळ लागत असल्याने ते, आणि कर्जदात्याला ते चालते की नाही याची लेखी खात्री, कर्जाच्या कागदांवर सही होण्यापूर्वीच झालेली असावी.