ऐतिहासिक नाटकातील सुरवार

विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ सालचे. तेव्हापासून मराठी रंगभूमीवर इतिहास अवतरतो आहे. आपल्याकडे परभणी, सेलू, गंगाखेडच्या स्नेहसंमेलनांतही दरबार भरतोच. पगडी, जामा, तलवार यांची काळजी सगळे घेतात. पाय मात्र राहून जातात. मग सरदार मुजऱ्याला वाकतो, सुरवार आसनात टरकते, प्रेक्षक हसतात आणि प्रसंग हातचा जातो.

सतराव्या शतकातल्या दख्खनी चित्रांत जाम्याखाली पायाला चिकटलेली सुरवार दिसते. कापड ताणणारे नव्हते, मग ती इतकी घट्ट बसे कशी? मर्म आहे उरेब कापात. कापडाचे उभे-आडवे धागे सरळ ओढले तर हलत नाहीत. तेच कापड कोपऱ्याकोपऱ्याने ओढून पाहा. ते लांबते, कारण धाग्यांमधले चौकोन तिरपे होतात. म्हणून सुरवारीचे कापड ४५ अंशांत तिरपे बेततात. युरोपातले शिंपीही हेच करीत. १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र काढले. त्याआधी आणि नंतरही काही काळ तिथले पुरुष घट्ट पायमोजे लोकरी कापड तिरपे कापून शिवून घेत.

आता मापांकडे वळू. कंबर, मांडी, पोटरी ही मापे घ्याच. पण गुडघ्याचे माप पाय दुमडून घ्या. टाच आणि पावलाचा उंचवटा यांभोवती फीत फिरवून आणखी एक माप घ्या. मोहरी त्याहून लहान झाली तर पाय आत जाणारच नाही. लांबी घोट्यापेक्षा वीतभर जास्त ठेवा. चुण्या त्यातूनच पडतात. दोन्ही पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा जोडा. शिंपी त्याला मियानी म्हणतात. बसता-वाकताना सगळा ताण तीच झेलते. वर नेफ्यात नाडी असतेच.

सुती कापड आटते, तेव्हा ते आधी धुऊन घ्या. पहिला नमुना स्वस्त मांजरपाटाचा शिवा. नटाला तो घालून वीरासनात बसवा, चार पायऱ्या चढायला लावा. कुठे ओढते ते तिथेच खुणा करून सुधारा, मग चांगल्या कापडाला कात्री लावा. आणि शेवटच्या दोन तालमी तरी तयार सुरवार घालूनच होऊ द्या.