प्रेम आधी, कारणे मागून

शालेय पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरची प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. तिची रचना विचार करण्याजोगी आहे. देशावरचे प्रेम ती एका छोट्या वाक्यात सांगून मोकळी होते. ते का, याचा खुलासा नाही. मग परंपरांचा अभिमान येतो. त्यानंतर पात्रतेची अट येते आणि ती देशाला नाही, प्रतिज्ञा घेणाऱ्याला लागू होते. त्या परंपरांना शोभेल असे आपण व्हावे, असे म्हणणारा देशाची परीक्षा घेत नसतो.

प्रेमाला कारणे द्यायची म्हटली तर अडचण लगेच उभी राहते. प्राचीन संस्कृती, निसर्ग, लोकशाही ही कारणे मानली, तर याच गोष्टी अधिक असलेला देश सापडताच प्रेम तिकडे वळायला हवे. ॲलिस्डर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९८४ च्या एका व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता. एखाद्या देशावर केवळ तो काही आदर्शांचा रक्षक आहे म्हणून जीव जडला असेल, तर ती निष्ठा मुळात त्या आदर्शांवरची असते.

पंडिता रमाबाईंनी ही तुलना प्रत्यक्ष केली होती. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळपास तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. तिथले स्त्रीशिक्षण, स्त्रियांच्या संस्था, सार्वजनिक कामातला त्यांचा वावर हे सारे त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात कौतुकाने नोंदवले. त्यांच्या कार्याला पैसा पुरवण्यासाठी बोस्टनमध्ये संस्थाही उभी राहिली होती. गुणांचा हिशेब मांडला असता तर विधवेला माणूस म्हणून जगू न देणाऱ्या देशाचे पारडे हलकेच ठरले असते. रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन सुरू केले. इथली दुरवस्था हेच त्यांच्या परतण्याचे कारण होते. ज्या उणिवांमुळे परक्याने पाठ फिरवावी, त्याच उणिवा आपल्या माणसाला जवळ ओढतात.

म्हणून कठोर टीका करणाऱ्याकडे देशप्रेमाचा पुरावा मागणे अन्यायाचे आहे. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लिहिलेली शतपत्रे आजही झोंबतात. जातीचा अहंकार, विधवांचे हाल, विद्येविषयीची अनास्था यांवर त्यांनी कोरडे ओढले. इंग्रजी राज्याचे त्यांनी केलेले स्वागत खटकते, यात शंका नाही. पण परदेशी मालाऐवजी देशी माल वापरा, असा आग्रह धरणारेही तेच होते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांना लोकहितवादींची ही टीका सोसवली नाही. १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त त्यांनी तिच्यावर घणाघाती हल्ला चढवला. पराभूत समाजाला स्वतःविषयी आदर वाटला पाहिजे, ही त्यांची तळमळ अस्सल होती. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा निबंध इंग्रज सरकारला जप्त करावासा वाटला, यावरून त्याचे बळ कळते. मात्र जोतीराव फुल्यांच्या लेखनातल्या आशयाला भिडण्याऐवजी त्याच्या भाषेतले दोष काढत बसणे ही चिपळूणकरांची मोठी चूक होती. प्रेमाचे कारण देता आले नाही तरी चालेल. प्रेमापोटी आपण काय करतो आणि कोणाला गप्प बसवतो, याचे कारण मात्र प्रत्येकाला द्यावे लागते.

सरकारी नोकरी सोडून चिपळूणकरांनी १८८० मध्ये पुण्यात टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे या शाळेत गोपाळ गणेश आगरकर आले. लोकहितवादींनी ज्या रूढींवर आसूड ओढला होता, त्यांच्यावर आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेल्या ‘सुधारक’मधून पुन्हा, आणि अधिक धारदारपणे, प्रहार सुरू केले.