लेबलवर नसलेलं पाणी

शर्टाची कॉलर उलटी केली की बोटभर लेबल दिसतं: १०० टक्के कॉटन, साइज ४०, थंड पाण्यात धुवा. धागा कळला की आपण निकाल देऊन मोकळे होतो. कॉटन चांगलं, पॉलिएस्टर वाईट. पण शेत आणि दुकान यांच्या मधे कांजी, रंग, मीठ, वाफ असा लांबलचक ओला प्रवास असतो. त्याबद्दल लेबल एक अक्षर बोलत नाही आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिथलेच आहेत.

सुरुवात मात्र शेतापासून करू, कारण एक आकडा सगळीकडे फिरतो. ‘एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं.’ आकडा खोटा नाही, पण तो जगाची सरासरी आहे आणि त्यात पावसाचं पाणीही धरलेलं आहे. मध्य आशियात अमुदर्या आणि सिरदर्या नद्यांचं पाणी कालव्यांनी कापसाकडे वळवलं, तेव्हा अरल समुद्र आटला. विदर्भातला बहुतांश कापूस मात्र कोरडवाहू. त्या शिवारात पडणारा पाऊस कापूस नसता तरी पडलाच असता. लिटर दोन्हीकडे मोजले जातात, नुकसान मात्र एकच नाही. आपल्याकडच्या कापसाचं खरं दुखणं फवारणीत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते पाण्याच्या कुठल्याच आकड्यात येत नाहीत.

आता दुसरा समज, आणि मला वाटतं सगळ्यात चिवट: ‘नाल्याला लाल-निळं पाणी आलं की प्रदूषण, पाणी नितळ दिसलं की काळजी मिटली.’

इचलकरंजीत कुणालाही विचारा, मागावर जाण्याआधी सूत सायझिंगला जातं. ताण्याचे धागे यंत्रमागाचा मार सोसत नाहीत, तटातट तुटतात, म्हणून त्यांना कांजी पाजतात. विणून निघालेलं ग्रे कापड हाताला पापडासारखं कडक लागतं ते त्यामुळे. प्रोसेसला गेल्यावर पहिलं काम ती कांजी धुऊन काढण्याचं, नाहीतर रंग आत शिरत नाही. धुतलेली कांजी सांडपाण्यात जाते. कांजीत विष काहीच नाही, माणूस खातो तसलाच स्टार्च. पण पाण्यातले जिवाणूही तो खातात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे तडफडतात. साखर कारखान्याच्या मळीचं पाणी नदीत शिरलं की जे होतं, तेच. रंगाचा थेंबही नसताना होतं. (इचलकरंजीजवळून वाहणाऱ्या पंचगंगेचा सगळा दोष रंगवाल्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही; काठच्या शहरांचं मैलापाणी त्या नदीने कमी झेललेलं नाही.)

दुसरी न दिसणारी गोष्ट मीठ. सुती कापडावर आज सर्रास वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग मिठाशिवाय कापडाला नीट धरत नाहीत. गडद छटेला एका लिटर पाण्यात कित्येक ग्रॅम, अगदी पन्नासच्या वर, मीठ टाकावं लागतं. ते कापडात राहत नाही, जवळजवळ सगळं सांडपाण्यात उतरतं. रंग काढायच्या युक्त्या आहेत, पाणी नितळ करता येतं. विरघळलेलं मीठ साध्या प्रक्रियेने निघत नाही.

तमिळनाडूतल्या तिरुपूरने हे भोगलं. होजिअरीच्या या शहरातलं रंगाचं खारं पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत जात राहिलं. शेतीसाठी बांधलेल्या ओरतुपाळयम धरणात तेच साठलं आणि खालच्या शेतकऱ्यांना ते पाणी पिकाला देता येईना. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट पुरी होईपर्यंत रंगाई-ब्लीचिंगचे कारखाने बंद करायला लावले. आज तिथे आरओने बहुतेक पाणी परत मिळवतात आणि उरलेलं आटवून मीठ वेगळं काढतात.

म्हणजे प्रश्न सुटला? पाण्याचा बराचसा. पण पाणी आटवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला लाकूड किंवा कोळसा. शिवाय मिश्र मिठाचा जो गाळ उरतो त्याला गिऱ्हाईक नाही, तो साठवून ठेवावा लागतो. म्हणून मुळातच पाणी आणि मीठ कमी लागेल अशी रंगाई करणं अधिक शहाणपणाचं. पूर्वी एक किलो कापडासाठी रंगाच्या एका बाथला दहा-दहा लिटर पाणी लागायचं, तिथे नवी यंत्रं पाच-सहा लिटरवर भागवतात. पाणी कमी, म्हणून मीठ कमी, म्हणून तापवायला इंधनही कमी. यंत्र महाग असतं, आणि मीटरमागे पैसे घेऊन जॉबवर्क करणाऱ्या प्रोसेसवाल्याला ते घेणं परवडेल असा दर त्याला कुणी देत नाही. ‘हिरवा’ संग्रह काढणारे ब्रँड भाव पाडताना मात्र हिरवे नसतात.

‘लांबून आलेला माल जास्त घातक’ हा समज थोडक्यात आटोपतो. जहाजाने आलेल्या कपड्याच्या एकूण कार्बनमध्ये वाहतुकीचा वाटा अगदी थोडा असतो. विमानाने आणला तर गणित बिघडतं, पण एरवी किती मैलांवर शिवला यापेक्षा तिथला बॉयलर कशावर चालतो, हे जास्त महत्त्वाचं.

बुटांच्या बाबतीत हे अधिकच खरं. एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ साली धावण्याच्या सिंथेटिक बुटांच्या एका जोडीचा हिशेब मांडला: ६५ सुटे भाग, ३६० टप्पे, सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन. त्यातलं दोन तृतीयांश कच्च्या मालातून नव्हे, कारखान्यातल्या प्रक्रियेतून. बारके तुकडे कापायचे, साच्यात तापवायचे, चिकटवायचे, आणि वीज कोळशाची.

यावर लगेच कुणीतरी कोल्हापुरी चपलेचं नाव घेतं. भाग मोजके, कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, क्रोम नाही. कौतुक रास्त आहे. पण कातडं टिकवायला आधी मीठ लावतात, केस काढायला चुना लागतो, आणि सालीचं तपकिरी पाणी नदीत सोडलं तर तेही कांजीसारखंच प्राणवायू खातं. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन कसब आणि मुलूख यांची ग्वाही देतं; सांडपाण्याची नाही.

राहिले जुने कपडे. ‘दिले की त्यांचे नवे होतात’ असं आपण धरून चालतो. एलन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अंदाजानुसार, कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्काही पुन्हा कपडा होत नाही. पुनर्वापरित पॉलिएस्टरही बहुतेक जुन्या शर्टांपासून बनत नाही, पाण्याच्या बाटल्यांपासून बनतं. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती. टी-शर्टात मिसळली की तिचा रस्ता तिथेच संपतो. पानिपतमध्ये जुन्या लोकरीच्या कपड्यांची बटणं, चेन काढून रंगांप्रमाणे ढीग लावतात, पिंजून पुन्हा सूत काढतात. रंग आधीच जुळवलेला असल्यामुळे ब्लँकेटला वेगळी रंगाई फारशी लागत नाही. हे जमतं कारण माल साधारण एकाच जातीचा असतो. जीन्समध्ये दोन टक्के लायक्रा शिरलं की धागे वेगळे काढणं अवघड होऊन बसतं.

आमच्याकडे येणारी बोहारीण हे नुसत्या अंगठ्याने ओळखायची. साडीचा पदर बोटांत चुरगाळायची, उजेडाकडे धरायची. निव्वळ सुती असेल तर पातेलं, कारण गॅरेजात पुसायला सुती फडकंच तेल टिपतं. टेरिकॉट निघालं तर वाटी. आणि वाटीसाठीही घासाघीस.