किल्ली कुणाच्या हाती, माहिती कुणाच्या कानी

१४ जानेवारी २०२२ रोजी, ऐन संक्रांतीला, ताथवड्यातल्या एका हॉटेलातून शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थाचं अपहरण झालं. मागणी होती ३०० कोटी रुपयांच्या बिटकॉइनची आणि वर आठ लाख रोख. त्यांना अलिबागकडे नेण्यात आलं. पोलीस मागावर असल्याचा सुगावा लागल्यावर टोळीने त्यांना वाकड परिसरात आणून सोडलं. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी आठ जणांना अटक केली. कटाचा सूत्रधार म्हणून ज्याला पकडलं, तो स्वतः पोलीस शिपाई होता आणि पूर्वी पुण्याच्या सायबर शाखेत कामाला होता. या गृहस्थाकडे बिटकॉइन असल्याची माहिती त्याला तिथेच मिळाली, असं तपासात पुढे आलं.

या गुन्ह्यात कुणी संगणक फोडला नाही, कुठलं सांकेतिक गणित सोडवलं नाही. कुणाकडे काय आहे हे एकाला कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. तळेगाव, देहूरोड, सोमाटणे या भागातून रोज हिंजवडीला जाणारी हजारो मुलंमुली मोबाइलवर थोडंफार क्रिप्टो घेऊन बसली आहेत. एक्सप्रेस-वे आणि एमआयडीसी आल्यापासून मावळात जमिनीचा पैसा आला आणि त्यातलाही काही इकडे वळला. या सगळ्यांना सुरक्षिततेच्या नावाखाली बहुधा पासवर्ड कठीण ठेवण्याचा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या घटना पाहिल्या तर प्रश्न दोनच उरतात. किल्ली कुणाच्या हाती आहे? आणि ती आहे, हे कुणाकुणाला ठाऊक आहे?

तपासणाऱ्यांवरच गुन्हा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर किती अवघड असू शकतं, हे ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणाने दाखवलं. अमित भारद्वाज याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत महिन्याला दहा टक्के परताव्याचं आमिष होतं. ईडीच्या म्हणण्यानुसार एकट्या २०१७ मध्ये लोकांकडून ६,६०० कोटी रुपये किमतीची बिटकॉइन गोळा झाली. पुण्यात दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. या प्रकरणाचा धागा मावळापर्यंतही आला. ईडीने एप्रिल २०२४ मध्ये राज कुंद्रा आणि शिल्पा शेट्टी यांची सुमारे ९८ कोटींची मालमत्ता जप्त केली, त्यात पवना धरणाजवळच्या बंगल्याचाही समावेश होता. कुंद्रा यांनी आरोप नाकारले आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळा आहे. हा तपास तांत्रिक असल्याने पुणे पोलिसांनी दोन तज्ज्ञांची मदत घेतली, त्यांपैकी एक माजी आयपीएस अधिकारी. आरोपींच्या वॉलेटपर्यंत, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटांपर्यंत, त्यांना पोचता येत होतं. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी या दोघांनाच अटक केली. जप्त वॉलेटमधली नाणी परस्पर वळती केली आणि शिल्लक कमी दिसावी म्हणून पोलिसांना फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले, असा आरोप झाला. न्यायालय त्यावर काय ठरवायचं ते ठरवील. मात्र एक गोष्ट आजच स्पष्ट आहे: पोलिसांनी जप्त केलेलं सोनं मुद्देमाल कक्षात ठेवलं की ते तिथे राहतं, क्रिप्टोचं तसं नसतं. उपकरण कपाटात सीलबंद असलं तरी ज्याने किल्ली पाहिली, तो जगात कुठूनही माल हलवू शकतो.

याची दुसरी बाजूही याच प्रकरणात दिसली. भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये वारला. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावं लागलं, की वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड तपास यंत्रणेला द्या. देशाचं सर्वोच्च न्यायालयसुद्धा किल्ली मागूच शकतं, ती तयार करू शकत नाही.

किल्ली म्हणजे नेमकं काय

क्रिप्टोची नाणी मोबाइलमध्ये नसतात, हार्डवेअर वॉलेट नावाच्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणातही नसतात. ती ब्लॉकचेन नावाच्या जगभर पसरलेल्या नोंदवहीत असतात. तिथली नोंद हलवण्याचा अधिकार देणारी एक प्रचंड, सुमारे ७८ आकडी संख्या म्हणजे प्रायव्हेट की, आपली खासगी किल्ली. ती माणसाला पाठ करता येत नाही. म्हणून २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडलेल्या बारा किंवा चोवीस शब्दांतून ती तयार करतात. यालाच सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द त्याच क्रमाने कुणाच्याही हाती लागले, की तुमचा मोबाइल, बोटाचा ठसा, ओटीपी यांपैकी कशाचीच त्याला गरज उरत नाही.

या शब्दांच्या प्रमाणित याद्या इंग्रजी, स्पॅनिश, जपानी अशा काही भाषांत आहेत, मराठीत नाही. त्यामुळे आपल्याकडे शब्द इंग्रजीच मिळतात. ते घाईत देवनागरीत उतरवून ठेवले तर घोटाळा होतो. शांतता या अर्थाचा ‘पीस’ आणि तुकडा या अर्थाचा ‘पीस’ हे दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. उतरवताना मूळ स्पेलिंगच लिहा, प्रत्येक शब्दाला क्रमांक द्या आणि पहिली चार अक्षरं ठळक, सुटी लिहा. यादी अशी बेतलेली आहे, की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो.

बहुतेक भारतीयांनी मात्र ही किल्ली कधी पाहिलेलीच नसते. त्यांची नाणी क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजमध्ये असतात आणि किल्ली एक्स्चेंजकडे. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या मुंबईतून सुरू झालेल्या एक्स्चेंजमधून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. तिथे एका सहीवर पैसे हलत नव्हते, सहापैकी चार सह्या लागत होत्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने यामागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत ग्राहकांचं क्रिप्टो सव्वा वर्ष अडकून होतं. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, एक्स्चेंजमधल्या नाण्यांना तसं सरकारी कवच नाही.

नाव नसलेला सातबारा

आता दुसरा प्रश्न, माहितीचा. क्रिप्टो गुप्त असतं हा मोठा गैरसमज आहे. बिटकॉइनची नोंदवही ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार त्यात कुणालाही पाहता येतो. ऑनलाइन सातबारा जसा कुणीही उघडून पाहू शकतो तशीच ही वही, फक्त खातेदाराच्या नावाच्या जागी अक्षर-आकड्यांचा एक पत्ता असतो. त्या पत्त्याला एकदा नाव चिकटलं, की मागचा-पुढचा सगळा हिशेब उघडा पडतो. मित्राकडून पैसे घ्यायला दिलेला पत्ता, समाजमाध्यमावर टाकलेला नफ्याचा स्क्रीनशॉट, एवढ्यानेही नाव चिकटतं. म्हणून प्रत्येक वेळी नवा पत्ता वापरावा. चांगली वॉलेट तो आपोआप तयार करून देतात.

नाव बाहेर फुटण्याचा आणखी एक मार्ग आपल्या हाताबाहेरचा आहे. ‘लेजर’ ही हार्डवेअर वॉलेट बनवणारी फ्रेंच कंपनी. २०२० मध्ये तिच्या ग्राहकांची यादी चोरीला गेली. सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर आले. उपकरणं फुटली नव्हती, किल्ल्या सुरक्षित होत्या. पण ती कुणाच्या घरात आहेत, हे चोरांना कळलं. पुढे ग्राहकांना धमक्यांचे ईमेल आले, काहींच्या घरी बनावट उपकरणं पोस्टाने आली. जानेवारी २०२५ मध्ये तर याच कंपनीच्या एका सहसंस्थापकाचं फ्रान्समध्ये घरातून अपहरण झालं आणि खंडणीसाठी त्याचं बोट कापण्यात आलं. ताथवडे आणि फ्रान्स यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर आहे, गुन्ह्याची रीत मात्र एकच.

मावळात ही जोखीम दाट आहे. कोणाची जमीन किती गुंठ्याने गेली, कोणी कोणती गाडी घेतली, हे गावात लपत नाही. लोणावळ्यात बंगला भाड्याने देताना-घेताना आधारकार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवरून सर्रास फिरतात. भाड्याच्या व्हिलातला वाय-फाय अनोळखी शेकडो लोकांनी वापरलेला असतो. अशा ठिकाणी बसून ग्रुपवर नफा मिरवणं म्हणजे स्वतःच वर्दी देणं. क्रिप्टो किती आहे हे जोडीदार आणि कर सल्लागार यांच्यापलीकडे कुणालाही सांगू नये.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. गोपनीयता चोरांपासून ठेवायची असते, कायद्यापासून नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस आहे आणि विवरणपत्रात या व्यवहारांसाठी स्वतंत्र तक्ता आहे. नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवणं बेकायदा नाही, ती लपवून कर बुडवणं बेकायदा आहे. खरेदीच्या तारखा आणि रकमांची नोंद नीट ठेवा. ती नोंद आणि सीड फ्रेज मात्र कधीही एका जागी ठेवू नका.

लोहगडाचा किल्लेदार

ठेव कुणाच्या हवाली करावी, हा प्रश्न मावळाला नवा नाही. नाना फडणवीसांनी आपला खजिना लोहगडावर ठेवला आणि गड धोंडोपंत नित्सुरे यांच्या ताब्यात दिला. १८०० मध्ये नाना वारले. दुसऱ्या बाजीरावाचा दबाव असूनही धोंडोपंतांनी गड सोडला नाही. नानांच्या पत्नी जिऊबाई तिथेच आश्रयाला होत्या. अखेर जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. धोंडोपंत निष्ठावान निघाले म्हणून जिऊबाईंना आधार राहिला. पण सगळा भरवसा एका माणसाच्या निष्ठेवर होता. आजच्या व्यवस्थेत तो तसा ठेवण्याची गरज नाही. तीन किल्ल्या करून त्यांतल्या कोणत्याही दोन लागतील अशी वॉलेट सामान्य माणसालाही तयार करता येते. एक किल्ली हरवली तर पैसे जात नाहीत, आणि एकच किल्ली चोरीला गेली तरीही जात नाहीत.

घरी काय करावं

दोन-पाच हजार रुपयांच्या क्रिप्टोसाठी उपकरण घेण्याची गरज नाही. नोंदणीकृत एक्स्चेंज, एसएमएसवरच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप आणि वेगळा ईमेल एवढं पुरे. रक्कम गेली तर झोप उडेल इतकी असेल, तर हार्डवेअर वॉलेट घ्या. ते थेट निर्मात्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, जुनं घेऊ नका. खोक्यात आधीच लिहिलेले चोवीस शब्द आले तर ते वापरू नका, ते शब्द चोराकडेही आहेत.

शब्दांचा फोटो काढू नका. गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून सीड फ्रेज शोधणारं ‘स्पार्ककॅट’ हे घातक सॉफ्टवेअर फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी उघड केलं. ते गूगल प्ले आणि ॲपल या दोन्ही अधिकृत दुकानांतल्या ॲपमध्ये लपलेलं होतं. ईमेलचा मसुदा, गूगल ड्राइव्ह, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला संदेश, यांपैकी कुठेही हे शब्द नकोत. २०१६ मध्ये बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून चोरलेल्या बिटकॉइनच्या किल्ल्या खुद्द चोराने क्लाउडवर ठेवल्या होत्या. २०२२ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने तिथूनच ९४ हजारांहून अधिक बिटकॉइन ताब्यात घेतली.

कागदावर लिहाल तर आपल्या पावसाचा विचार करा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या कागदाला बुरशी, कसर आणि वाळवी लागते, शाई पसरते. शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवणं उत्तम. दोन प्रती, दोन वेगळ्या गावांत. वर्षातले दहा महिने कुलूपबंद असणारा वीकेंड बंगला त्यासाठी चुकीची जागा आहे. एक प्रत बँक लॉकरमध्ये ठेवता येते. लॉकरमधून चोरी झाली, आग लागली किंवा कर्मचाऱ्याने फसवलं, तर बँकेची भरपाई वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते, हे लक्षात असू द्या. पैसे टाकण्याआधी छोटी रक्कम पाठवा, उपकरण पुसून कोरं करा आणि लिहिलेल्या शब्दांवरून ती रक्कम परत येते का, पाहा. हा सराव न करता ठेवलेली प्रत म्हणजे नुसती आशा आहे.

शेवटची गोष्ट घरच्यांची. मुदत ठेवीला वारसाचं नामांकन असतं, स्वतःकडच्या वॉलेटला नसतं. मृत्युपत्रात नाणी आहेत आणि वारस कोण, एवढंच लिहा. शब्द त्यात लिहू नका, कारण ते कागद पुढे वकील, कचेरी, न्यायालय अशा अनेक हातांतून जातात. प्रत कुठे आहे आणि ती कशी वापरायची, हे पत्नीला, पतीला किंवा जाणत्या मुलाला शेजारी बसवून समजावून सांगा.

कोणतंही एक्स्चेंज, बँक, पोलीस किंवा आयकर अधिकारी फोनवर तुमचे बारा शब्द मागत नाही. जो मागतो तो चोर आहे, फोन तिथेच ठेवा. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नका. त्याच तासात १९३० वर फोन करा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि आज, हा अंक बाजूला ठेवण्याआधी, मोबाइलची गॅलरी उघडून त्यात त्या शब्दांचा फोटो आहे का, ते पाहा. सापडला, तर नव्या शब्दांचं नवं वॉलेट तयार करून नाणी तिकडे हलवा. फोटो नुसता पुसून चालणार नाही.