कानांनीं वाचावयाचें पान

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तीन वर्षांपूर्वीं इंटरनेटवर चढविला, तेव्हां घरांत मोठाच उत्साह होता. मूळ छापील ग्रंथाच्या प्रती वाळवीनें आणि पाहुण्यांनीं मिळून संपवीत आणल्या होत्या. आतां देशोदेशीं पांगलेल्या साऱ्या शाखांस घरबसल्या आपला वंशवृक्ष पाहतां येणार होता. सर्वांत अधिक आतुर होते आमचे काका. शाळेंत गणित शिकविण्यांत त्यांचा जन्म गेला. काचबिंदूनें दृष्टि गेली त्याला बारा वर्षें झालीं. त्यांनीं पान उघडलें, कान देऊन ऐकलें, आणि थोड्या वेळानें विचारलें, "येथें कांहीं लिहिलेलें आहे का रे, कीं नुसता कोरा कागद आहे?"

कोरा कागद नव्हता. ग्रंथाच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र तेथें चिकटविलें होतें. आम्हांस अक्षरें दिसत होतीं. काकांच्या यंत्राला तें केवळ चित्र होतें, आणि त्या चित्राचें वर्णन म्हणून कोणीं एक शब्दही लिहिलेला नव्हता.

अंध मनुष्य संगणक वापरतो तरी कसा, हा प्रश्न आम्हांसही पूर्वीं पडत असे. संगणकांत स्क्रीन रीडर नांवाचा एक प्रोग्राम बसवितां येतो. तो पडद्यावरील मजकूर बोलून दाखवितो. माऊस निरुपयोगी; सारा व्यवहार कीबोर्डावर. पण अंध वाचक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत बसतात, ही समजूत चुकीची आहे. वर्तमानपत्र हातीं आलें कीं आपण मथळ्यांवरून नजर फिरवितों. तसेच काका 'एच' दाबीत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी घेतात. 'टी' दाबलें कीं कोष्टक, 'एफ' दाबलें कीं भरावयाचा रकाना. आणि आवाजाचा वेग असा कीं, शेजारीं बसलेल्यास एक शब्द उमगूं नये! मात्र पान रचणाऱ्यानें मथळ्याला मथळा म्हणून आंतून खूण केलेली असली, तरच हें साधतें. अक्षरें नुसतीं मोठीं नि ठळक केलीं तर डोळ्याला मथळा दिसतो, कानाला तें साधें वाक्यच.

जपानांतील चिएको आसाकावा ह्या विदुषीची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. पोहण्याच्या तलावांत झालेल्या दुखापतीमुळें चौदाव्या वर्षीं त्यांची दृष्टि गेली. पुढें आय.बी.एम. कंपनींत संशोधन करीत असतां त्यांनीं वेबवरील पानें वाचून दाखविणारा 'होम पेज रीडर' घडविला. तो १९९७ सालीं बाहेर आला. त्यांतील एक युक्ति आम्हांस फार आवडते. साधा मजकूर पुरुषाच्या आवाजांत, आणि दुसऱ्या पानावर नेणारे दुवे स्त्रीच्या आवाजांत! डोळसाला जें रंगावरून कळे, तें कानाला आवाज पालटल्यानें कळूं लागलें. हें सुचावयास स्वतः ऐकून वाचणारेंच माणूस हवें होतें. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन आणि जेम्स टेह हेही दोघे अंध. चांगला स्क्रीन रीडर कधीं कधीं संगणकाहूनही महाग पडे, म्हणून करन यांनीं २००६ सालीं 'एन.व्ही.डी.ए.' लिहावयास घेतला व तो सर्वांस विनामूल्य दिला. टेह त्यांस येऊन मिळाले. आमचे काका तोच वापरतात. तो मराठीही बोलतो. मात्र विलायतेंत वाढलेल्या पुतण्यासारखा, असें काकांचें म्हणणें.

साधन असें सिद्ध असतां अडतें कोठें? तें पानांत अडतें. अमेरिकेंतील वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षीं दहा लक्ष संकेतस्थळांचीं मुखपृष्ठें तपासते. २०२५ सालीं त्यांपैकीं शेंकडा ९४.८ पानांत दोष निघाले. नियम ठाऊक नव्हते म्हणावें, तर ते १९९९ पासून प्रसिद्ध आहेत. आणि दोष तरी केवढाले? बटनावर भिंगाचें चित्र काढलें, पण आंत 'शोधा' हा शब्द लिहिला नाहीं, मग यंत्र म्हणतें, "बटन." पुढच्यालाही "बटन." दहा दुव्यांचें नांव 'येथे क्लिक करा' असलें, तर दुव्यांची यादी ऐकणाऱ्यानें काय समजावें? एका बँकेच्या पानावर काकांना आज्ञा झाली कीं, चित्रांतील वांकडीं अक्षरें ओळखून लिहा. तीं ऐकण्याची सोय नव्हती. शेवटीं त्यांनीं आपला पासवर्ड नातवाला सांगितला. चाळीस वर्षें ज्यांनीं इतरांच्या मुलांचीं गणितें तपासलीं, त्यांस स्वतःच्या पैशाचा हिशेब दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावा लागला. तो विषय निघाला कीं ते अजून गप्प होतात.

कायदा आपल्याकडेही आहे, तो २०१६ चा. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवा मिळविण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यापुढें डोळे मिचकावून दाखवा, ही अट त्या खटल्याच्या मुळाशीं होती. अर्जदारांत ॲसिडहल्ल्यांतून वांचलेल्या व्यक्ति होत्या, तसेच एक अंध गृहस्थही होते.

आमच्या घरांतलें काम सूनबाईनें अंगावर घेतलें. ग्रंथाची जुनी संगणकीय प्रत सांपडली म्हणून आम्हीं आनंद मानला, पण ती युनिकोडपूर्व काळांतील फाँटांत निघाली. असल्या फाँटांत पडद्यावर 'गोत्र' दिसतें, पण आंत रोमन अक्षरें व चिन्हें असतात, आणि यंत्र तींच म्हणून दाखवितें. काकांनीं मिनिटभर ऐकलें व विचारलें, "ही कोणत्या वेदाची शाखा?" तेव्हां सारें पुन्हां टंकित करणें आलें. रोज दुपारीं थोडें थोडें करून सूनबाईनें सहा महिन्यांत आमची एक शाखा उतरविली, पिढीपिढीला मथळ्याची खूण केली, आणि वंशवृक्ष वाक्यांत लिहून काढला. हें शेवटचें सर्वांत कठीण गेलें. चित्रांत एक रेघ ओढली कीं बापलेक कळतात, शब्दांत तें नातें सांगावें लागतें.

गेल्या वैशाखांत काका पुन्हां त्या पानापुढें बसले. 'एच' दाबीत दाबीत आपल्या आजोबांच्या नांवाशीं येऊन थांबले. तेवढाच भाग त्यांनीं दोनदां ऐकला. मग म्हणाले, "सूनबाई, माझी धाकटी आत्या येथें नाहीं. सातव्या वर्षींच गेली ती. म्हणून कोणीं लिहिली नसेल."

आम्हीं छापील ग्रंथ काढून पाहिला. त्यांतही ती नव्हती. सूनबाईनें नांव विचारून घेतलें आणि तेथेंच लिहिलें. काकांनीं पान पुन्हां पहिल्यापासून लावलें.